जाळ्याच्या गाठी

डेस्मंड,

मी चर्चमध्ये गेलेय. वाटाण्याचं सूप पातेल्यात आहे, फक्त गरम करून घे. मोलीला फिरवून आणलंय. ती दाराशी बसून कुईकुई करेल, तिचं नाटक ऐकू नकोस.

आज युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी चर्चच्या मनोऱ्यावरून लोकरीची लाल पॉपीची फुलं जाळ्यावर शिवून सोडायची आहेत. आम्ही चौदा जणी ती वर्षभर विणत होतो. ज्या जाळ्यावर ती शिवायची, तेच शनिवारी मधोमध फाटलं आणि आमच्यातली बेरिल रडायचीच बाकी राहिली. सोमवारी मी आपल्या शेडमध्ये ठेवलेलं ते जाळं काढलं, तर सगळं सांधलेलं.

बेरिल म्हणाली, "ह्या गाठी कोळ्याच्या हातच्या आहेत, ग्लेनिस. कोणी मारल्या गं?"

मी म्हटलं, "आहे आमच्या घरी एक. बोलत नाही फारसा."

तुझा भाऊ कॉलिन युद्धावरून परत आला नाही, तेव्हापासून दर वर्षी ह्या दिवशी तू होडी घेऊन निघून जातोस. मी कधी अडवलं नाही, आजही अडवत नाही. जाळं सांधलंस, त्यानेच मला फार बरं वाटलंय.

एक सांगायचं राहिलं. कॉलिनच्या नावाचं एक फूल मी विणलंय. तुला न विचारता विणलं, म्हणून जाळ्यावर शिवलं नाही. ते चहाच्या डब्याशेजारी ठेवलंय. साडेदहापर्यंत जाळं खालीच असेल आणि सुई-दोरा माझ्याकडे आहे. समुद्रावरच जाणार असशील, तर ते खिशात ठेव आणि मफलर घे. वारा बोचरा आहे.

ग्लेनिस