देवीपुढे सोडलेल्या गोळ्या

सेक्टर ३९, चंदीगड
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप लतावन्सं,

नमस्कार. थंडीत तुमच्या गुडघ्यांनी फार त्रास दिला नसावा. इकडे धुकं सरलं. गॅलरीत आता जरा वेळ ऊन येतं, तिथेच बसून लिहितेय. तुमचे बंधू जेवतात व्यवस्थित, बोलत मात्र नाहीत. तुम्ही पाठवलेलं भडंग मिळालं. डबा अजून उघडलेला नाही.

टपालाला वेळ नाही, म्हणून या पानांचे फोटो काढून तुमच्या मोबाइलवर पाठवते. खरं तर फोनच करायला हवा. पण तुमचा आवाज ऐकला की मला बोलवणार नाही.

काल तुमचं यांच्याशी बोलणं झालं, तेव्हा मी शेजारीच होते. तुमच्या धाकट्या दिरांचा ध्रुव तुमच्याकडे राहायला आलाय, तोही त्याच त्रासातून जातोय, आणि बुधवारी पौर्णिमेला तुम्ही त्याला गोळ्या देवीपुढे सोडायला लावणार आहात. "आपल्या क्षितिजला केलं होतं तसं ठणठणीत करते बघ त्याला," म्हणालात. हे "बरं, बरं" म्हणाले आणि फोन ठेवून आत गेले. बराच वेळ नळ चालू होता.

क्षितिज तुमच्याकडे सुधारला होता, यात काही खोटं नाही. सांगलीहून आला तेव्हा शर्टाची बटणं लागत नव्हती. "आत्या डेंजर आहे यार, माँ! पोळी नको म्हटलं की म्हणते, मग काय माझं डोकं खातोस?" तुमची नक्कल करून हसायचा. तो घरात हसल्याला किती काळ झाला होता, वन्सं.

आपल्याकडे काशीला गेलं की आवडीचं काही सोडतात. सासूबाईंनी पेरू सोडला, तो शेवटपर्यंत तोंडात घातला नाही. तुम्ही त्याच श्रद्धेने नवरात्रात त्याच्याकडून गोळ्या सोडवल्यात. एक व्यसन जाऊन दुसरं कशाला, असं तुम्हाला वाटलं. कुणालाही वाटेल. पण ती गोळी व्यसन नव्हती. जिभेखाली ठेवायचं ते औषध होतं, त्यानेच त्याची तलफ दाबून धरली होती.

इथे आल्यावर तो जेवता जेवता उठायला लागला, झोप उडाली. मला कळलं. म्हटलं, चल डॉक्टरांकडे, गोळी परत सुरू करू. तर म्हणाला, "देवी को बोल दिया है ना, माँ. आत्याला काय तोंड दाखवू?"

मराठी धड न येणारा माझा मुलगा. तुमचा शब्द मात्र त्याने पाळला.

तो गेला तेव्हा यांनी तुम्हाला हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. तसं नव्हतं. तो पुन्हा त्या पावडरीकडे गेला, इथे तिला चिट्टा म्हणतात. पूर्वी घ्यायचा तेवढीच घेतली. डॉक्टर म्हणाल्या, "आंटी जी, बॉडी की आदत छूट चुकी थी. इस बार झेल नहीं पाया." श्वास थांबला. बाथरूमचं दार शेजारच्या सरदारजींनी तोडलं. मी बाहेर त्याला हाका मारत होते.

"ताईला हे कळलं तर ती जगायची नाही," म्हणून यांनी मला शपथ घातली. मी जन्मभर गप्प बसले असते. ध्रुव तुमच्याकडे आला नसता तर.

यांना फोन करून विचारू नका. ते पुन्हा हृदयच सांगतील.

ध्रुवच्या गोळ्या बंद करू नका. कधी कमी करायच्या ते त्याचे डॉक्टर ठरवतील, वर्षंही लागतील. शेजारणीची मधुमेहाची गोळी तुम्ही देवीपुढे सोडवाल का? आणि बंद केल्याच असतील, तर आजच्या आज त्याला घेऊन डॉक्टरांकडे जा. देवीला काही बोलून बसला असाल, तर ते मोडल्याचं पाप माझ्या माथी.

तुम्ही विचारणार, माझा राग आला का? आला. अजून येतो. पोळ्या लाटताना येतो, आणि तुम्ही त्याला जवळ बसवून भरवलेलंही तेव्हाच आठवतं. याचं काय करायचं मला समजत नाही.

मला उत्तर लिहू नका. ध्रुवने आज गोळी घेतली, एवढंच कळवा.

उद्याही कळवा.

नलिनी