ठोकळ्यांच्या घरातली आजी

आंबिवली,
दिवाळीनंतरचा तिसरा सोमवार, १९९५

तीर्थरूप आवडावन्सं यांच्या पायांवर डोकं ठेवून मंजुळेचा नमस्कार.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? निर्गुडीच्या पाल्याने शेकता की नुसता पाला आणून पडवीत वाळवता? माझी तब्येत बरी आहे. गोविंदा, तूही बरा असशील. (पत्र तूच वाचून दाखवणार, म्हणून आधीच सांगते : यात तुझंही नाव आलं आहे. तिथे खोकून पुढच्या ओळीवर उडी मारू नकोस. वन्सं, तुमचा पुतण्या खोकला की त्याला मागची ओळ पुन्हा वाचायला लावा.)

सगळ्यात आधी सांगते, माझ्या अंगात येत नाही.

तुमचं पत्र मिळालं. भावाची बायको जत्रेत ठाण मांडून बसली आहे, नारळ घेते, कपाळाला कुंकू लावून घुमते, असं तुमच्या कानावर आलं. हे संक्रांतीपर्यंत थांबलं नाही तर माझं माहेर संपलं असं मी समजेन, असं तुम्ही लिहवलंत. वन्सं, यांना जाऊन आता तिसरं वर्ष. तुमचं माहेर म्हणजे मी एकटीच उरले आहे, हे मलाही समजतं. तेव्हा माहेर संपवण्याआधी ते काय काय करून बसलं आहे ते नीट ऐकून तरी घ्या.

कल्याणहून भिवंडीकडे जाताना महिपतशेटनी 'ठोकळेनगर' नावाची बाग काढली आहे. या शेटचा वागळे इस्टेटला प्लॅस्टिकच्या खेळण्यांचा कारखाना आहे. मुलं एकात एक बसवून घरं बांधतात, ते रंगीत ठोकळे तिथे होतात. बागेसाठी त्यांनी तेच ठोकळे उशीएवढे मोठे करून घेतले आणि आख्खं गाव उभं केलं. गावात देऊळ सोडून सगळं आहे. (देऊळ नाही हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.) ठोकळ्यांचा दुर्गाडी किल्लाही आहे. खरा दुर्गाडी वाटेतच लागतो, पण तो फुकट असल्यामुळे तिकडे कोणी मान वळवत नाही. याला तिकीट आहे, म्हणून रांग आहे.

दिवाळीच्या आधी तिथे 'सहकुटुंब नवी आकर्षणं' असा फलक लागला आणि शेजारची सुमती मला ओढून घेऊन गेली. घरात एकट्या भिंतीशी काय बोलता, म्हणाली. (मी भिंतीशी बोलत नाही. मोठ्याने वाचते. हे जेवायला बसले की मी पेपर, पुस्तक, पुडीचा कागद, जे असेल ते वाचून दाखवायची. ताट एक कमी झालं, वाचन तेवढंच राहिलं.) नव्या आकर्षणांत पहिली होती बाबांची बांधकाम स्पर्धा. मुलांनी ठोकळे द्यायचे आणि बाबांनी घर बांधायचं. पाहता पाहता सगळ्या बाबांनी मुलांना बाजूला सारलं आणि एकमेकांचे ठोकळे पळवायला लागले. सुमतीच्या नवऱ्याने पुढ्यात एवढा ढीग असताना घाम गाळून वन रूम किचन बांधलं. सुमती म्हणाली, "अहो, इथे तरी बेडरूम काढा!" तो म्हणाला, "सवय नाही गं." त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

दुसरं आकर्षण 'आजीचं घर'. लाल भिंती, पिवळं छप्पर, पुढे निळा ओटा, कोपऱ्यात विजेचा दिवा घातलेलं तुळशीवृंदावन. घरात आजी मात्र नव्हती. माझे पाय दुखायला लागले होते, म्हणून मी ओट्यावर टेकले. (ठोकळ्यांना वरून गोल गोल गाठी असतात. आपण कशावर बसलो आहोत ते उठल्यावरही पुष्कळ वेळ आठवतं.) एवढ्यात बागेचा मॅनेजर चंदू धावत आला.

"आजी, किती उशीर! कोणाकडून आलात?"

मी म्हटलं, "सुमतीकडून."

"बरं बरं, नंतर बघू. पोरं खोळंबलीत, चालू करा."

आणि माझ्या हातात एक गुळगुळीत पुस्तक ठेवून गेला. नाटकात काम करणाऱ्या कोणा बाई आजी म्हणून यायच्या होत्या. त्यांना उन्हात प्लॅस्टिकचा वास सोसला नाही आणि त्यांनी कामच सोडलं होतं, हे मला मागाहून कळलं. समोर मुलं मांडी घालून बसलेली. मी पुस्तक उघडून राजकन्येची गोष्ट सुरू केली. एक मुलगी म्हणाली, "ही टीव्हीवर झाली." दुसरी गोष्ट काढली. तीही झाली होती. मग पुस्तक मिटलं आणि तोंडाला आली ती गोष्ट सांगितली. एक मुलगा होता. त्याच्या घरी चंद्री नावाची म्हैस होती. त्याने पैज लावली की मी चंद्रीवर बसून गावाला फेरी मारीन, आणि बसला. चंद्री वेशीपर्यंत गेली, तिला ऊन लागलं, आणि ती त्याला घेऊन सरळ खाडीत उतरली.

वन्सं, तुम्ही ओळखलंच असेल.

ही गोष्ट टीव्हीवर झालेली नव्हती. त्या दिवसापासून रोज दुपारनंतर मी तिथे आजी असते. चंदूने मला नऊवारी देऊ केली. मी म्हटलं, आजी आहे ती गोल पातळातच आहे, चालत असेल तर बघ. त्याने चालवून घेतलं.

आता नारळाचं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भिवंडीकडची एक सासूसून आली. सगळं गाव फिरून झालं, देऊळ काही सापडलं नाही. मग त्यांना उंच ओट्यावर, रंगीत कमानीत, दिव्याशेजारी बसलेली म्हातारी दिसली. आपल्या बायका आणखी काय करणार? चपला काढल्या. त्यांच्या चपला बघून मागच्यांनी काढल्या. मागच्यांच्या बघून ज्यांना पुढचं काही दिसतच नव्हतं त्यांनीही काढल्या. चपलांचा ढीग बघून किल्ल्याच्या रांगेतली निम्मी रांग इकडे आली. एकीने नारळ ठेवला. बागेत नारळ कुठून आला ते मी विचारलं नाही; बायकांच्या पिशवीत असतो. मी म्हणत होते, अहो, मी माणूस आहे. पुढची मागचीला म्हणाली, "देवी बोलते गं!"

आता कुंकवाचं. मी त्या गर्दीला समजावत असताना सून बाजूने आली आणि तिने माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं. मी हात आडवा करेपर्यंत लावून झालं होतं. मी तिला म्हटलं, बाळ, मला चालत नाही, माझे मालक गेले. पोर घाबरली, रडवेली झाली. तिची सासू पुढे आली. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "असूं दे गो बाय. आजीला काय सवाष्ण नि काय!" आणि सुनेला घेऊन चपला शोधायला गेली.

मी पदराने पुसणार होते. पण मुलं ओरडत होती, "आजी, म्हैस! म्हैस!" चंद्री खाडीच्या मध्यावर होती. तिथे मला म्हशीसारखं डोलून दाखवावं लागतं, मान हलवावी लागते, पाण्याचा आवाज काढावा लागतो. नेमक्या त्या घटकेला, कपाळाला मळवट, पुढ्यात नारळ, भोवती हात जोडलेल्या बायका अशी मी घुमत असताना, यष्टीने सहलीला आलेला आपला गोविंदा गर्दीमागून टाचा उंचावून बघत होता. (वाच, गोविंदा. खोकू नकोस.) पुढे येऊन "मामी" म्हणाला असता तर त्याला चंदूकडून शीतपेय मिळालं असतं. तो गेला गावी, आणि बातमी त्याच्यासकट यष्टीतून उतरली.

महिपतशेटना मात्र हे फार आवडलं. आजीच्या घरापुढे घंटा बांधायची म्हणाले. मी सांगितलं, घंटा बांधलीत तर मी उठते. आता त्याऐवजी पाटी लावली आहे : 'ही आजी आहे. चपला काढू नयेत.' त्यामुळे बरेच लोक चपला काढून पाटी वाचतात.

एवढंच झालं. तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नाही, आताही जाणार नाही. तुम्ही म्हणता तर संक्रांतीला सोडते. घरी काही नाही असं नाही; भिंत आहे, पुस्तकं आहेत. थोरामोठ्यांना नमस्कार, चिल्ल्यापिल्ल्यांना आशीर्वाद. निर्गुडी लावा, नुसती वाळवू नका.

तुमची
मंजुळा

ता. क. संक्रांतीला सोडते असं वर लिहिलं आहे. कुठल्या वर्षीच्या ते लिहिलेलं नाही.

ता. क. पुढच्या उन्हाळ्यात 'आत्याचं घर' बांधायचं चाललं आहे, हिरव्या ठोकळ्यांचं. चंदू म्हणाला, कडक बोलणारी कोणी आत्या असेल तर सुचवा. मी अजून कोणाचं नाव घेतलं नाही. ओट्याला गाठी नसतील असं कबूल करून घेतलं आहे, गुडघ्यांसाठी.

ता. क. खरं ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते राहूनच गेलं. चंद्री खाडीच्या मध्यावर पोचली, पुढे काय झालं? ही गोष्ट मला त्यांनी कितीदा तरी सांगितली असेल, पण म्हैस मध्यावर आली की त्यांना हसू फुटायचं, ठसका लागायचा, मी पाणी द्यायची आणि पुढचं राहून जायचं. पुढचं ऐकायला पुष्कळ दिवस आहेत असं मला वाटायचं. तुम्ही तेव्हा काठावर उभ्या होतात म्हणे. मुलं रोज विचारतात आणि मी रोज म्हशीला मध्येच उभी करून घरी येते. तो पलीकडे पोचला का, परत कसा आला, मार कोणी दिला, सगळं सांगा. आणखी आठवतील तेवढ्या त्याच्या लहानपणच्या गोष्टी कळवा. गोविंदाला लिहू दे, पण बोला तुम्ही. त्याने पदरचं काही घालू नये.

आणि मुलं त्या मुलाचं नाव विचारतात. तुमच्या भावाचं नाव मी जन्मात तीन-चारदा घेतलं असेल, तेही उखाण्यात. म्हशीच्या गोष्टीत ते माझ्या तोंडून निघत नाही. लहानपणी तुम्ही त्यांना लाडाने काहीतरी हाक मारायचात, ते कळवा. ते मी घेईन. चंदूने तोवर 'पिंटू' सुचवलं आहे आणि मुलांना ते आवडायला लागलं आहे. उलटटपाली कळवलंत तर बरं. नाहीतर येत्या रविवारपासून तुमचे भाऊ पिंटू होतील, आणि मग माझा इलाज नाही.