आतून बंद केलेलं फाटक

११ ऑगस्ट

इम्प्रूडंट! आमच्या संपाला हा शब्द! जहाज विकत घेणाऱ्या नॉर्वेच्या साहेबानं पेपरात छापून आणला. कंपनीच्या भाडोत्री गुंडांनी पाइपांनी आमची तीन डोकी फोडली — आणि अविचारी कोण, तर आम्ही!

लेक ह्येवॉन बारावीला. शब्द तिच्या इंग्रजीच्या वहीत होताच. "बाबा, मूर्ख वेगळा. मूर्खाला कळतच नाही. याला कळतं, पण पुढचं बघत नाही." तिच्या मास्तरांचा नियम — स्वतःवर वाक्य केल्याशिवाय शब्द पाठ झाला म्हणायचं नाही. चुकलं की तळहातावर छडी.

"करा वाक्य!"

"साहेबावर करतो."

"नाही चालत. स्वतःवर."

केलं नाही.

१२ ऑगस्ट

गोदीच्या आवारात सभा. आधी निषेध म्हणून सगळ्यांसमोर डोकं भादरून घेतलं, मग घसा फाटेपर्यंत बोललो. "रक्त सांडेल, फाटक उघडणार नाही!" गुंड घुसतील म्हणून आतून वेल्डिंगच करून टाका, म्हटलं.

ताक सांग-गिल कुरकुरला. माझ्याबरोबर भरती झालेला, गोदीतला सगळ्यांत सफाईदार वेल्डर. "अरे ब्यंग-उक, आपल्यालाच बाहेर पडायचं झालं तर?"

माइकवरूनच टोला हाणला त्याला — "सांग-गिलला बायकोच्या हातची किमची आठवली वाटतं!" चारशे माणसं खदखदून हसली. त्यानं मान खाली घातली आणि जोड मारला. कसला जोड! जहाजाला मारावा तसा.

१३ ऑगस्ट

कोरडा भात. बाहेर पोलिसांचे ट्रक जमताहेत.

१४ ऑगस्ट

सकाळी अश्रुधुराची नळकांडी. एक रंगाच्या गोदामात पडलं. भडका! सगळे फाटकाकडे. माणसांवर माणसं. पहारी, घण, नखं — जोड हलेना. सांग-गिल गॅसकटर घेऊन बसला, स्वतःचंच काम कापत. फट पडली तशी माझी कॉलर धरून ढकललं — "नीघ रे, बडबड्या!"

तो कापतच राहिला. शेवटचा बाहेर पडणारा तोच होता. पडलाच नाही.

१६ ऑगस्ट

संपाच्या समितीचं ठरलं — फाटक कंपनीनं बंद केलं, असंच सांगायचं. "दादा, तुम्हीच बोला. लोक तुमचं ऐकतात."

सांग-गिलची बायको — "भावजी, फाटक कुणी बंद केलं हो?" मी तिच्या चपलांकडे बघत राहिलो.

१७ ऑगस्ट

अंत्ययात्रा. लोक माझ्या गर्जनेची वाट बघत होते. माइक धरला आणि एकच वाक्य बोललो. स्वतःवर.

पहिला दगड आमच्याच माणसांतून आला.