तोरणाखाली न नेलेला बैल

पोळा, दिवेलागण

लंपी रोगाने एक बैल गेला. उरलेल्याला आज आंघोळ घातली, पुरणपोळी चारली. गावाच्या तोरणाखाली पूजेला मात्र नेला नाही. मी येशूचा झाल्यापासून नेत नाही.

शेजारचा गणेश आत्ताच येऊन गेला. त्याचा एक, माझा एक बैल जोडून कपाशीतलं तण काढायला शेवटची डवरणी करायची ठरली होती. म्हणाला, "योहान, नारळ फोड बावा. नाही तं माहा बैल भेटनार नाही. तुह्या देवानं तुहा बैल वाचवला काय?"

"नाही वाचवला," मी म्हणालो.

का नाही वाचवला? प्रार्थनेत मीही रोज हेच विचारतो. पण विचारतो त्यालाच. दुसऱ्या दारी जाणार नाही.

उद्या डवरा मी ओढीन, बायको मार्था मागून धरील. बैल शेताच्या कडेला धुऱ्यावर चरेल.