तारेवरचा बर्फ

मंगळवार, फेब्रुवारी. नुकताच घरी आलोय, अजून बूटही काढले नाहीत.

मूर्खांचा बाजार नुसता! दुपारपासून फ्रीझिंग रेन. पाणी विजेच्या तारेवर पडतं आणि तिथेच काचेसारखं गोठतं, मग ट्रेनला करंट मिळत नाही. रिकाम्या गाड्या सतत फिरवत ठेवल्या की तार साफ राहते. कॅनडात हे शेंबड्या पोरालाही कळतं, आमच्या मॅनेजरला नाही. साहेबांनी रिपोर्टमध्ये 'स्नो' वाचलं आणि म्हणाले, वाऱ्याने झडेल. संध्याकाळी भरलेली ट्रेन दोन स्टेशनांच्या मध्येच बंद पडली. लोक उतरून चालायला लागले, एक म्हातारी घसरली, मनगट मोडलं तिचं.

ते 'स्नो' लिहिलं कंट्रोल रूममधल्या समीरने. नागपूरचा, म्हणे इंजिनिअर! यार्डातून त्याला फोन मीच केला होता, "समीर, तारेवर बर्फ धरलाय." बर्फ. भुसभुशीत असो की काचेसारखा, आपल्याकडे शब्द एकच. पण डोकं नको का चालवायला? अरे, विचारायचं तरी, कसला बर्फ!

आणि मी? दिवसभर गोऱ्यांपुढे इंग्लिश फाडतो. 'आइस' म्हणायला जीभ झिजली असती का?

आत्ताच त्याचा फोन येऊन गेला. उद्या चौकशी आहे, रडकुंडीला आला होता. "भाऊ, तुम्ही नक्की काय म्हणाला होतात?"

"आइस," मी म्हणालो. "स्पष्ट आइस म्हणालो होतो."

"सॉरी भाऊ," तो म्हणाला. "माझंच चुकलं."