नाकाच्या शेंड्यावरचा फोड

अण्णा, गेल्या आठवड्यात मला नागीण झाली. उजव्या कपाळावर, भुवईच्या वर, अगदी तुम्हाला झाली होती तिथेच. आधी दोन दिवस नुसतं डोकं भाजल्यासारखं होत होतं, कंगवा लागला तरी जीव जायचा, आणि मी आपली नव्या चष्म्याला नावं ठेवत बसले होते. तिसऱ्या दिवशी फोड उठले. चौथ्या दिवशी सकाळी, मी मॅट्रिक झाल्यावर तुम्ही दिलेलं ते पितळी कडीचं भिंग घेऊन आरशासमोर उभी राहिले, आणि नाकाच्या शेंड्यावर बाजरीच्या दाण्याएवढा फोड दिसला. चहा तसाच टाकला आणि रिक्षा करून डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीण म्हणजे अगदी पोरगी हो. म्हणाली, "आजी, नाकावरचा फोड बघून डोळ्यांकडे धावत आलेलं माणूस मी पहिल्यांदा बघतेय. कुणी सांगितलं तुम्हाला?"

खडकीच्या त्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवतं तुम्हाला? मी सातवीत असताना तिथल्या ओट्यापाशी उभं करून तुम्ही मला मायक्रोमीटर वाचायला शिकवत होतात. कारखान्यात तुम्ही मापाची गेज तपासायला होतात, केसाच्या जाडीचा फरक तुमच्या डोळ्याला कळायचा, आणि त्याचा तुम्हाला केवढा तोरा! मला आकडा नीट दिसेना, तेव्हा तुम्हाला काय हवं असेल त्याचा अंदाज घेऊन मी काहीतरी ठोकून दिलं. तुम्ही भडकला नाहीत. शांतपणे म्हणालात, "बाईसाहेब, असायला हवं ते मला ठाऊक आहे. दिसतंय ते सांगा. खोटं रीडिंग देणारा माणूस आमच्याकडे दारातसुद्धा उभा करत नाहीत." मी फ्रॉकच्या टोकाशी चाळा करत रडले होते.

आणि तुम्हाला नागीण झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांची. आई जाऊन दीड वर्षही झालं नव्हतं, घरात आपण दोघंच. फोड उठले त्या दिवशी आपण वसाहतीच्या दवाखान्यात गेलो. तुम्ही तापाने बाहेर बाकावर आडवे झाला होतात, म्हणून डॉक्टरांनी मलाच आत बोलावून बजावलं, "नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. थांबू नका." मी हो म्हटलं. घरी आलो तर शेजारच्या मावशी दारातच उभ्या. त्यांच्याकडे वसाहतीतले निम्मे लोक नागिणीचा लेप घ्यायला यायचे. सहाणेवर तांबडी काव उगाळून त्यांनी तुमचं कपाळ माखलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सात दिवस लेप मोडायचा नाही, उंबरा ओलांडू द्यायचा नाही, आणि आरसा उलटा करून ठेव, नागिणीला स्वतःचं तोंड दिसता कामा नये. तिची दोन टोकं जुळली ना पोरी, की माणूस हातचा जातो." तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, "नागिणीला आरसा लागतो का? मग पावडर-कुंकूही ठेवा." पण माझा चेहरा बघून गप्प पडून राहिलात.

पाचव्या दिवशीची सकाळ. मी तुमच्यापाशी कावेची वाटी घेऊन बसले आहे. तुमचा उजवा डोळा सुजून मिटलाय, आरसा भिंतीकडे तोंड करून आहे. तुम्ही विचारता, "नाक ठणकतंय गं. काही आलंय का तिथे?" आलेला असतो. एकच फोड, पाणीदार, अगदी शेंड्यावर. डॉक्टरांचा शब्द न् शब्द मला आठवतो. आणि मला काय दिसतं, सांगू? आईला नेलं तो दरवाजा. लेप मोडला, टोकं जुळली, तर मी या घरात एकटी. मी म्हणते, "काही नाही हो अण्णा. नुसतं लाल झालंय." आणि बोटाने त्या फोडावर काव लावते.

आठव्या दिवशी लेप धुतला तेव्हा बुबुळ गढूळ झालं होतं. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, तीन दिवस आधी यायला हवं होतं. तुम्ही लगेच म्हणालात, "चूक माझी. मीच हट्टी. मुलीची काही चूक नाही." पुढे तुम्हाला गेजवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. डोळ्याला स्पर्श कळेनासा झाला, कचरा गेला तरी समजायचं नाही, मग पुन्हा जखम, पुन्हा पट्टी. आणि कपाळाचं दुखणं मात्र कधी गेलंच नाही. भर मे महिन्यात पंखा बंद करून बसायचात, वाऱ्याची झुळूक सोसायची नाही म्हणून. चहा कपाच्या बाहेर ओतायचात आणि मी बघितलं की नाही ते दुसऱ्या डोळ्याने चाचपायचात. पंधरा वर्षं. येणाऱ्या-जाणाऱ्याला "मीच उशीर केला" हे सांगत राहिलात, आणि मी आतून पोहे आणून द्यायची. किती वेळा ओठांवर आलं होतं! पण मेलं तोंडच उघडलं नाही.

परवा त्या डॉक्टरिणीला मी विचारलं, दोन टोकं जुळली तर? ती हसली. "आजी, ही सहसा एकाच बाजूला राहते, मधली रेघ ओलांडत नाही. आणि ओलांडली तरी त्याने कुणी मरत नाही." मी तिच्यासमोर ढसाढसा रडले, अण्णा. तिला वाटलं डोळा दुखतोय. माझा डोळा वाचेल म्हणते ती, वेळेवर गोळ्या सुरू झाल्या. तुमच्या वेळी त्या गोळ्या नव्हत्या, डोळा कदाचित तसाही गेला असता, असंही ती म्हणाली. त्याने मला काही बरं वाटलं नाही.

हे कागद घडी करून भिंगाच्या डबीत ठेवते. दुसरीकडे कुठे पाठवणार? तिने पुन्हा विचारलं, एवढं नेमकं कुणी सांगितलं तुम्हाला, तेव्हा मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी." नाकावरच्या फोडाचं ते तुम्हाला तर कधी कळलंच नव्हतं. या वयातही, अण्णा, मी खोटंच रीडिंग दिलं.