खुंट्यावरचा हवालदार

चि. हिंमत यास रमिलाताईचे भरभरून आशीर्वाद.

तुला आठवतं का रे, आपण दोघं गव्हाणीत बसून भुईमुगाच्या शेंगा खायचो आणि हिरा बैल मागून आपल्या मानेवर श्वास सोडायचा? गरम, ओल्या चाऱ्याच्या वासाचा. तू टरफलं त्याच्या पुढे टाकायचास आणि तो ती इतक्या समाधानाने चावायचा, की आपण उगाच दाणे खातोय असं वाटायचं. तो दिवस कुठला ते सांगता यायचं नाही, कारण त्या दिवशी काहीच घडलं नव्हतं. मला बोर्डिंगात पाठवण्याआधीचा, एवढं मात्र नक्की.

तुझे गुडघे कसे आहेत? (माझे तसेच, पुढे त्यांचा विषय येईलच.) आजी झालेली गायत्री सुरतेला जाऊन तिथली गोड घारी खात नसेल अशी आशा करते. तुमच्या योगेंद्रच्या बाळाची दृष्ट काढ. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला ‘हां ताई, समजलं’ म्हणतोस आणि समजलेलं काहीच नसतं. आमच्या बोर्डिंगच्या सिस्टर फिलोमिना सांगायच्या, जो मधेच बोलतो त्याला पत्र लिहावं.

तुम्ही निघताना मला घर सांभाळायला नंदुरबारहून बोलावलंत, तेव्हा सूचना दिल्या होत्यात: पाण्याची मोटार वेळेवर बंद करायची, ड्रायव्हर कुंदन ट्रॅक्टर घेऊन गेला की फाटक लावायचं आणि हवालदार कुत्र्याला सोडायचं नाही. पहिल्या दोन मी पाळल्या. तिसरीचं असं झालं, की गोठ्यात गेले तर तुझा हवालदार हिराच्याच खुंट्याला, हिराच्याच साखळीने बांधलेला. (पोलिसालाच बेडी घातलेली मी या वयात प्रथम पाहिली.) गळ्याभोवतीचे केस गेलेले, खुंट्याभोवती जमीन गोल झिजून परातीसारखी झालेली आणि पाण्याचं भांडं त्या परातीच्या जेमतेम बाहेर. तो भुंकला नाही. फाटकाकडे बघत बसला होता. फाटकाकडे बघणारे डोळे मला ओळखता येतात, बोर्डिंगातलं पहिलं वर्ष माझेही तसेच होते.

सिस्टरांचा ब्राउनी कुत्रा तुला आठवत असेल, आबांबरोबर भेटायला आलास की तू त्याला पेढा द्यायचास. त्याला पट्टा होता, दरवर्षी इंजेक्शन होतं, संध्याकाळी सिस्टरांबरोबर चर्चपर्यंत फेरी होती. त्याला बांधलेलं फक्त पालकांच्या भेटीच्या दिवशी पाहिलं, आणि त्या दिवशी आम्ही मुलीसुद्धा घट्ट वेण्या घालून बांधल्यासारख्याच बसायचो. तो कुत्रा कधी कुणाला चावल्याचं ऐकलं नाही. तुझा मात्र दूधवाल्यावर दात विचकतो आणि तू म्हणतोस, चावतो म्हणून बांधलाय. बांधलाय म्हणून चावत असेल, हे कधी मनात आलं नाही का रे?

तर, मी साखळी सोडली. वाटलं होतं, बाणासारखा उसात जाईल. तो उठला आणि त्या परातीतच गोल फिरू लागला. एक पाऊल बाहेर नाही. कुंपणावरून शेजारचे दगाबापू बघत होते. ‘ताई, हाऊ कुत्रा नही, घानीना बैल शे!’ म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की तपकीर सांडली. मी बिस्किट दाखवलं, भाकरी दाखवली, हाका मारल्या. शेवटी कंटाळून परातीच्या बाहेर मातीतच बसले, आणि मग लक्षात आलं की आता उठता येत नाही. (हे ते गुडघे.) दगाबापूंना हाक मारावी तर ते परत हसणार. तेवढ्यात हवालदार माझ्याकडे बघत कडेपर्यंत आला, थांबला, एक पाय बाहेर ठेवला, मग दुसरा, आणि माझ्या तोंडाचा वास घेऊ लागला. मी त्याच्या पाठीवर हात टेकून उठले.

त्यानंतर त्याने समोरच्या पार्वतीकाकूंचे वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे खाल्ले, ते मी नवे करून देतेय. पण काकूंचा राग बिबड्यांचा नव्हता. त्या दारात उभ्या राहून ओरडल्या, ‘दिवा लागनात नि खुंटा रिकामा? हिंमत घर नही, अन तू हाई काय करी ऱ्हायनी बाई!’ तेव्हा मला तुझं सगळं कोडं उलगडलं. दावणीचा खुंटा रिकामा राहिला की घराची बरकत जाते, आई असंच म्हणायची. तू हिराच्या दावणीचा शेवटचा बैल विकलास, आणि खुंटा रिकामा नको म्हणून या पोराला आणून बांधलंस. चोरांसाठी नाहीच. गायत्रीने पोळ्याला त्याला ओवाळून, शिंगं नाहीत म्हणून कानांना बेगड लावल्याचंही काकूंनी सांगितलं. हसू आलं, आणि मग पुष्कळ वेळ आलं नाही. कारण हिमत्या, हिरा बांधला जायचा तो रात्री. सकाळी आबा आधी त्याला सोडायचे, मग चहा प्यायचे. तू खुंट्यावर बांधणं तेवढं लक्षात ठेवलंस, सोडणं विसरलास.

मी काकूंशी वाद घातला नाही. म्हटलं, बैलाचं काम आता कोण करतं? ट्रॅक्टर. मग खुंट्याचा वारसही तोच. कुंदनला ट्रॅक्टर गोठ्यात लावायला सांगितला. ‘मन्हा ट्रॅक्टर काय रातले पळी जाई का?’ असं म्हणत त्याने मागच्या हुकाला खुंट्याची साखळी अडकवली. काकूंनी हेडलाइटला कुंकू लावलं, खुंटा भरला, बरकत राहिली आणि हवालदार ओट्यावर झोपला. सर्व क्षेम आहे.

तुझी,
रमिलाताई

ता. क. वर ‘सर्व क्षेम’ लिहिलं आहे, ते काल सकाळपर्यंतचं. काल कुंदनने नेहमीसारखा ट्रॅक्टर सुरू करून बाहेर काढला. साखळीचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही, माझ्याही नाही. आबांनी रोवलेला खुंटा मुळासकट निघून फाटकापर्यंत गेला. कुंदन रडकुंडीला आलाय, त्याला रागावू नकोस. दगाबापूंनी निवाडा दिला, ‘आते खुंटा रिकामा नही शे. खुंटाच नही!’ काकूंनाही तो पटला, आश्चर्य आहे.

ता. क. पत्र खरं यासाठी, की तू आल्यावर नवा खुंटा रोवशील याची मला भीती वाटते. रोवू नकोस रे. शहाद्याला गुरांच्या दवाखान्यात नेऊन त्याचं रेबीजचं इंजेक्शन केलं आहे, पुढचं कधी ते गायत्रीच्या कॅलेंडरवर लिहिलंय. मागच्या कुंपणाला जाळी मारून घेतली, त्यामुळे अंगणात तो मोकळा राहू शकतो. सकाळ-संध्याकाळ पट्टा लावून नदीपर्यंत ने, तुझ्या गुडघ्यांनाही डॉक्टरांनी तेच सांगितलंय. जमणार नसेल तर स्पष्ट कळव, मी त्याला नंदुरबारला नेईन. माझ्याकडे अंगण नाही, पण साखळीही नाही.

ता. क. वाटणी करून ठेवली आहे, मोडू नकोस. साखळी कुंदनला, ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यासाठी. खुंट्याचं सागाचं लाकूड मला, त्यावर आबांच्या हातांची झिलई आहे. बेगड गायत्रीला परत. आणि आईच्या वेळेपासून या घरात पहिली भाकरी गाईची आणि शेवटची कुत्र्याची. शेवटची त्याला मिळतेच. गाय आपण कधीच विकली, पण तिचा वाटा अजून कुणाच्या नावावर केला नव्हता. तोही हवालदाराला.